पक्का किती?

‘पक्का किती?’ असं समोरच्याला तोंडावर विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि तोसुद्धा चंदीगडमध्ये, जिथे रिक्षावाल्यापासून डीनपर्यंत सगळे उठता-बसता पक्का म्हणतात. कल आऊँगा जी, पक्का. खरबूज मीठा है जी, पक्का. गावंडे सर थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि टिंगलीचा लवलेशही न ठेवता विचारायचे, “पक्का कितना?” खरबूजवाला पहिल्यांदा बावचळला होता म्हणे. पुढे त्याला सवय झाली. सर लांबून दिसले की तोच हाक मारायचा, “आओ परसेंट साब, आज नब्बे परसेंट मीठा है.” सर खूश. नव्वद म्हणणाऱ्याकडून ते डोळे झाकून घ्यायचे, शंभर म्हणणाऱ्याच्या गाडीकडे फिरकायचे नाहीत.

माझी सून दिवसभर फोनवर कुणाला तरी “हां, पक्का पक्का” करत असते. दर वेळी तो प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मी गिळते. उगाच घरात शोभा नको. म्हणून म्हटलं, इथे लिहून मोकळं व्हावं.

बाबा हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. त्यांची बदली चंदीगडला झाली आणि सांगलीच्या कॉलेजातून बीए होऊन मीही त्यांच्या मागोमाग तिकडे गेले, विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एमएला नाव घातलं. ऐंशीच्या दशकातले पंजाबातले ते दहशतवादाचे दिवस वाईट होते. चौकाचौकात वाळूची पोती, त्यामागे बंदुका, बसमधून उतरवून झडत्या, आणि मधूनच संचारबंदी.  तरी आम्ही कॉलेजला जात होतो, समोसे खात होतो, परीक्षा पुढे ढकलली तर आनंदानं घरी येत होतो. वयच तसं होतं, त्याला कोण काय करणार.

गावंडे सर आम्हाला इकॉनॉमेट्रिक्स शिकवायचे. गव्हाचा भाव वाढवून दिला की शेतकरी गहू जास्त पेरतो, असं कुणीही सांगेल. पण तो भावामुळे जास्त पेरतो की त्या वर्षी पाणी बरं होतं म्हणून, हे आकड्यांच्या तोंडून काढून घ्यायचं, अशी ती विद्या. मूळचे सर अकोल्याकडचे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्या नावाशी अडखळले आणि सगळ्या पंजाबी वर्गासमोर सरळ मराठीत म्हणाले, “कुठली वो तू?”

“सांगलीची, सर.”

“अरे बापा. मंग तं तुम्ही शुद्ध बोलणारे.”

त्या दिवसापासून मी ‘सांगलीवाले’ झाले. एकटीला अनेकवचन. शिकवताना ते इंग्रजी आणि हिंदीची मिसळ बोलत, पण एखादा फारच बावळट प्रश्न आला की माझ्याकडे बघून हळूच वऱ्हाडीत काहीतरी म्हणत. मला हसू आवरायचं नाही, आणि बोलणी मी खायची.

माणूस काळासावळा, काटकुळा. थंडीभर अंगात एकच काळा कोट. त्याच्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे कोटाला कायम पांढरे डाग. हिवाळ्यात चंदीगडची खोली म्हणजे बर्फाची पेटी, म्हणून फळा उचलून हिरवळीवर आणायचा आणि उन्हात बसून शिकायचं, असा सगळ्याच विभागांचा रिवाज. सरांच्या फळ्याचा उजवा वरचा कोपरा राखीव असे. त्यात एक चौकट, आणि त्या चौकटीत आकडे बघण्याच्या आधी लिहायचं, की आपण काय धरून चाललोय, किती चुकीला मुभा देतोय, आणि काय दिसलं तर आपलं म्हणणं सोडून देऊ. ते लिहून झाल्याशिवाय आकड्यांच्या कागदाची घडी उघडायला बंदी.

“आधी ठरवा, मंग पाहा,” ते म्हणायचे. “पाहून ठरवलं की माणूस आपल्याले पाहिजे तेच ठरवते.”

चौकटीतली पहिली ओळ नेहमी एकच असायची. काही झालेलं नाही. भाव वाढला, पण त्यानं काही झालेलं नाही. ट्यूबवेल आली, पण त्यानं काही झालेलं नाही. याला शून्य गृहीतक म्हणतात. ते धरून बसायचं आणि मग आकडे ते धरू देतात का, हे बघायचं. आकड्यांनी हात सोडायला लावला तर सोडायचं. नाही लावला, तरी आपलं खरं ठरलं असं म्हणायचं नाही. ‘नाकारता आलं नाही’ एवढंच लिहायचं. पेपरात कुणी ‘सिद्ध झालं’ असं लिहिलं की सर त्या दोन शब्दांभोवती तांबडं वर्तुळ काढून पुढचं वाचायचंच सोडून देत.

चुका दोन जातीच्या, हे त्यांनी मोतीवरून शिकवलं. मोती हा आवारातला बेवारशी कुत्रा, सरांच्या क्वार्टरच्या पायरीवर मुक्कामाला. तो दूधवाल्यावर भुंकायचा, ही पहिली चूक. निरपराध माणसाला चोर ठरवलं. आणि सरांची सायकल चोरीला गेली तेव्हा हा झोपला होता, ही दुसरी. चोराला सोडून दिलं. मोतीला पहिली चूक करायची नाही असं शिकवलं तर तो दुसरी जास्त करणार, आणि दुसरी टाळायला सांगितली तर पहाटे सगळ्या गल्लीची झोप उडवणार. म्हणून पहिल्या चुकीला थोडी मुभा ठेवायची. सगळं जग पाच टक्के ठेवतं.

“पाच ही क्यों, सर?” मागून जसबीरनं विचारलं. “ज़ीरो क्यों नहीं रखते?”

हा जसबीर सिंग मुल्लानपूरचा. तेव्हा ते साधं खेडं होतं, आजूबाजूला गव्हाची शेतं. रोज सायकल हाणत यायचा. ताडमाड उंच, दाढी अजून नीट भरलेली नाही, बोलायला लाजायचा. वडलांची पिठाची चक्की. वर्गात तोंड उघडलं त्यानं बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच.

सर खुर्चीत नीट सावरून बसले. “पाच काही देवानं सांगितले नाहीत,” ते हिंदीत म्हणाले. “चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडणार, ते पाहून ठरवायचं असते. पण शून्य ठेवले, तर त्याचा अर्थ काय? काहीही दिसलं तरी मी माझं म्हणणं सोडणार नाही. मग ती चाचणी राहिली नाही, विश्वास झाला. विश्वास ठेवायचा तर खुशाल ठेवा. त्याला चाचणी म्हणू नका.”

जसबीरनं ते वहीत उतरवून घेतलं. आम्ही शेंगदाणे सोलत होतो.

संत्र्याचा किस्सा सांगितल्याशिवाय सर कळणार नाहीत. शेजारच्या खोलीतले ढिल्लों सर एकदा किन्नू, म्हणजे तिकडचं पंजाबी संत्रं, सोलता सोलता म्हणाले, की नागपूरचं संत्रं काही याच्यासमोर टिकत नाही. सरांच्या वर्मावर बोट. ते म्हणाले, डोळे बांधून द्या, मी नागपुरी फोड ओळखून दाखवतो. झालं. काकूंच्या भावाकडून नागपूरहून टोपली आली. काकू, म्हणजे सरांच्या सौ., फोडी सोलायला बसल्या. सरांनी रिवाजाप्रमाणे फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहिलं, किती बरोबर आल्या तर दावा मानायचा. मग डोळ्यांवर मफलर बांधला आणि सपाटून आपटले. किन्नूला नागपुरी म्हणाले, नागपुरीला किन्नू.

 काकूंना राहवलं नाही. “सर्दी झाली आहे ना तुम्हाले, सकाळपासून नाक वाहून राहिलं. सांगा ना त्याईले.”

ढिल्लों सरही भला माणूस. म्हणाले, “चलो जी, फिर किसी दिन कर लेंगे.”

सरांनी मफलर सोडला, नाक पुसलं. “सर्दी पहले नहीं बोली थी,” ते म्हणाले. “अब नहीं बोल सकते.” त्यानंतर त्या हिरवळीवर त्यांनी नागपूरच्या संत्र्याचं नाव काढलं नाही. भावाच्या संत्र्यांची अशी शोभा झाली म्हणून काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

पण हाच काटेकोर माणूस आम्हाला त्या दिवसांत आधार होता. एकदा तास चालू असताना अचानक बाजार बंद झाल्याची, कुठेतरी स्फोट झाल्याची बातमी आली. बसेस थांबल्या. माझी मैत्रीण मनीमाजऱ्याहून येणारी, तिचा भाऊ बाजारात दुकानावर. ती रडायला लागली. सर तिच्याजवळ गेले आणि परीक्षेत विचारावं तसं हिंदीत विचारलं, “पहिली ओळ काय?”

ती हुंदके देत म्हणाली, “कुछ नहीं हुआ है.”

“कुणी येऊन काही सांगितलं?”

“नहीं.”

“मग धरून बस.”

ती धरून बसली. मग सर आम्हा मुलींना घोळक्यानं आपल्या घरी घेऊन गेले, काकूंनी सगळ्यांना गोळाभात वाढला, आणि दिवे लागायच्या आत तिचा भाऊ स्कूटरवर तिला न्यायला आला. पुढे आमच्या वर्गात हे बोलणंच होऊन गेलं. कुणाला यायला उशीर झाला की आम्ही एकमेकींना विचारायचो, पहिली ओळ काय?

मग एका सोमवारी जसबीर आला नाही. त्याचं, नाकारता येणार नाही असं कारण त्याच दुपारी हिरवळीवर येऊन उभं राहिलं. त्याचे वडील करतारसिंग. पापण्यांवरसुद्धा पीठ होतं, चक्की अर्धी सोडूनच निघाले असावेत. रविवारी संध्याकाळी नाक्यावर पोलिसांनी जसबीरला सायकलवरून उतरवलं होतं. त्याच्याच नावाचा, त्याच्याच वयाचा कुणी त्यांना हवा होता. पंजाबात जसबीर सिंग म्हणजे आपल्याकडे संतोष पाटील. रस्त्यात हाक मारा, चारजण वळून बघतील. ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं करतारसिंगांना सांगितलं होतं, कुणी प्रतिष्ठित माणूस येऊन मुलाची हमी देत असेल तर बघतो, नाहीतर उद्या त्याला पुढे पाठवतो. पुढे म्हणजे कुठे, हे त्या दिवसांत कुणी विचारत नसे. पुढे गेलेली काही मुलं परत आली नव्हती.

विभागप्रमुखांनी हात वर केले. संस्था अशा भानगडीत पडत नाही वगैरे. सर कोट चढवत म्हणाले, “मी येतो.”

बाबांना मीच फोन करून बोलावलं, गणवेशातला माणूस बरोबर असलेला बरा म्हणून. मला मात्र बाबा नको म्हणत होते. पण जसबीर आणि मी एकाच भागातल्या गावांच्या आकड्यांवर काम करत होतो, काही विचारलं तर ही सांगेल, असं सरांचं म्हणणं. करतारसिंगांच्या चक्कीच्या टेम्पोतून आम्ही निघालो. बाबा पुढे, मी आणि सर मागे रिकाम्या पोत्यांवर. उतरलो तेव्हा सरांचा काळा कोट कोपरापर्यंत पांढरा झाला होता. या वेळी खडूनं नाही, पिठानं.

मला कुणी काही विचारलं नाही. मी आणि करतारसिंग व्हरांड्यातल्या बाकावर, आत सर आणि बाबा. दार उघडंच होतं. अधिकारी दमलेला होता, पण अदबीनं बोलत होता. त्यानं चहा मागवला.

“प्रोफेसर साहब, मैं आपकी बात पर छोड़ दूँगा,” तो म्हणाला. “बस इतना कह दीजिए, लड़का साफ़ है.”

“मला त्याच्यात संशय घ्यावा असं काही दिसलं नाही,” सर हिंदीत म्हणाले.

“वो तो ठीक है. लेकिन साफ़ है ना? पक्का?”

 माझ्या शेजारी करतारसिंगांनी हात जोडले, दाराच्या दिशेनं. मी मनात म्हणत होते, म्हणा सर. एकदा म्हणा.

“पूरा पक्का तो किसी के बारे में कोई नहीं कह सकता,” सर म्हणाले.

“अच्छा?” अधिकाऱ्यानं कप खाली ठेवला. “तो फिर कितना पक्का?”

सरांचाच प्रश्न. आयुष्यभर दुसऱ्याला विचारलेला. आणि त्या भल्या माणसाच्या तोंडून सवयीनं उत्तर गेलं, “पंचानबे परसेंट.”

“मतलब पाँच परसेंट शक है.”

“शक नहीं. देखिए, उसका मतलब ऐसा है...” आणि सर समजावून सांगायला लागले. ठाण्यात, बंदुकांच्या रांगेसमोर बसून, काही झालेलं नाही असं धरून कसं चालायचं, ते धरणं मोडण्याजोगा पुरावा लागतो, निर्दोष असण्याला पुरावा नसतोच. सगळं खरं. एकेक शब्द खरा. अधिकाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “साहब, आजकल एक परसेंट भी बहुत होता है. कल सुबह तक देखता हूँ.”

बाहेर आल्यावर करतारसिंग सरांना म्हणाले, “तुसीं तां सच ही बोलेया, प्रोफेसर साब.” रागावले असते तर बरं झालं असतं. हे ऐकून सर जे मान खाली घालून टेम्पोत चढले, ते घर येईपर्यंत एकच बोलले. पुढे बसलेल्या बाबांना मागच्या फटीतून म्हणाले, “वॉरंटसाहेब, तो आकडा मी काढला कुठून? रीत चुकण्याचे टक्के असतात. एका माणसाचे टक्के नसतात. हे मीच शिकवतो पोट्ट्याईले.”

बाबा म्हणाले, “होतं असं, सर.”

क्वार्टरवर काकू दारातच होत्या. सगळं ऐकून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा प्रशांत तेव्हा नागपुरात शिकत होता. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदरानं सरांच्या कोटावरचं पीठ झटकत एवढंच म्हणाल्या, “आपला प्रशांत असता तं? त्याचे किती सांगितले असते तुम्ही?”

सर मोतीशेजारी पायरीवर बसले. मी घरी आले. त्या संध्याकाळी मला त्यांचा इतका राग आला होता, की काय सांगू. मेलं ते तुमचं शास्त्र, असं आईपाशी म्हटलंसुद्धा. आणि रागाच्या खालोखाल मला मनातून ठाऊक होतं, की जन्मभर खोटं न बोललेल्या माणसाला आपण एका शब्दासाठी दोषी धरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिरवळीवर जमलो. जसबीरची जागा आपोआपच रिकामी राहिली होती. सर आले. दाढी केलेली नव्हती, त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. फळ्यापाशी जाऊन कोपऱ्यात चौकट काढली. पहिली ओळ लिहिली, मुलानं काही केलेलं नाही. खाली चुकीची मुभा लिहायची जागा. तिथे वर्षभर आम्ही पाचच पाहत आलो होतो. सर खडू टेकवून जरा थांबले आणि त्यांनी तिथे शून्य काढलं. गोल, मोठं, चौकटीबाहेर जाईल इतकं. मग खडू खिशात टाकून चालू लागले. फाटकापाशी करतारसिंगांचा टेम्पो उभा होता.

 शून्याचा अर्थ काय, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण करतारसिंगांनी ते इतक्या वेळा, इतक्या लोकांना सांगितलंय, की मी तिथे होते असंच मला वाटतं. सर आत गेले आणि खुर्चीतसुद्धा न बसता म्हणाले, “लड़का साफ़ है. पक्का.”

अधिकारी म्हणाला, “कल तो पाँच परसेंट था.”

“कल मैं पढ़ा रहा था,” सर म्हणाले. “आज बता रहा हूँ.”

“सोच लीजिए. लड़के ने कल को कुछ किया, तो मैं सीधा आपके घर आऊँगा.”

“आइए.”

 अधिकाऱ्यानं शिपायाला हाक मारली.

जसबीरला घेऊन ते आधी क्वार्टरवरच आले. पगडी घाईत, कशीतरी बांधलेली. काकूंनी दिलेला चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवला. काय झालं ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सर त्याच्यासमोर बसून होते. शेवटी म्हणाले, “गलती मेरी थी. एक रात मेरे कारण ज़्यादा रहना पड़ा तुझे.” जसबीर वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेला तर सर उठून आतच निघून गेले. काकू म्हणाल्या, “राहू दे बेटा, त्याईले आता सर्दी झाली.”

तो शब्द उच्चारला खरा, पण सरांना तो पचला नाही हे मी पाहिलंय. आम्हाला पहिल्या ओळीवर बसवणारा माणूस स्वतः तिच्यावर बसू शकत नव्हता. आधी ते पेपर मागच्या पानापासून वाचायचे, आता पहिलं पान आधी. कुठे चकमक झाली, कुणाला पकडलं, नावं एकेक करून बोटानं. एकदा तसंच एक जसबीर सिंग आलं. गाव दिलेलं नव्हतं. सरांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि तास सुरूच केला नाही. आम्ही सगळे फाटकाकडे बघत बसलो. तेवढ्यात हा गडी सायकल ढकलत आला, पंक्चर.

सर उठून उभे राहिले. “उशीर काऊन केला?” त्याला सगळं वऱ्हाडीतच विचारून मोकळे झाले. त्यालाही कळलं. मग खडू घेऊन फळ्याकडे वळले.

जसबीरचा प्रबंध पूर्ण झाला. ट्यूबवेल आल्यावर गव्हाचं उत्पन्न वाढतं, हे त्याला दाखवायचं होतं, आणि आकड्यांनी काही दाद दिली नाही. दोन गावं गाळली तर जमतंय सर, असं तो म्हणून बघत होता. सर म्हणाले, “आधी गाळली होती का?” जसबीरनं ती गावं परत घातली. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं, नाकारता आलं नाही. आणि त्यावर त्याला विभागातले सगळ्यात जास्त गुण मिळाले. म्हणजे बघा, आकड्यांच्या बाबतीत माणूस होता तिथेच होता. तिथे मुभा पुन्हा पाचच झाली होती.

एक-दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. तोवर मी एका कॉलेजात शिकवायला लागले होते, जसबीर रोपडला लेक्चरर होता. चंदीगडचं स्टेशन मनीमाजऱ्याच्या पलीकडे. आम्ही सगळे पोहोचवायला गेलो. ढिल्लों सरांनी वाटेत खायला किन्नूची पिशवी आणली होती. करतारसिंगांनी आपल्या चक्कीवर दळलेल्या कणकेचं एक गाठोडं, शिवून बंद केलेलं. अकोल्यात असली कणीक कुठली मिळायला, असं त्यांचं म्हणणं.

ते दिवस अजून सरले नव्हते. फलाटावर पोलीस फिरत होते. गाडी सुटायला थोडाच वेळ असताना एका तरुण शिपायाची नजर त्या गाठोड्यावर गेली. करतारसिंग ते खिडकीतून आत द्यायच्या बेतात होते. शिपायानं काठी आडवी घातली.

“इसमें क्या है?”

करतारसिंगांचे हात तिथेच थबकले. जसबीरचा चेहरा एकदम उतरला. सुटून एवढे दिवस झाले, लेक्चरर झाला, तरी खाकी समोर आली की त्याचं तसंच होई. तो मागे सरकला.

“आटा है,” खिडकीतून सर म्हणाले.

“खोलो. देखना पड़ेगा.”

“आटाच है. मेरा सामान है.”

शिपायानं एकदा करतारसिंगांच्या पगडीकडे पाहिलं, एकदा सरांच्या चष्म्याकडे. “पक्का?”

मी सरांकडे बघत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. क्षणभरही थांबले नाहीत.

“पक्का,” ते म्हणाले, आणि दोन्ही हात बाहेर काढून गाठोडं आत ओढून घेतलं.

काय वाटलं त्या पोराला कोण जाणे, तो काठी हलवत पुढे गेला. गाडीनं धक्का दिला. आतून काकूंचा आवाज आला, “अवो, शिवलेलं आहे ते. आत काय आहे पाहिलं तरी का तुम्ही?”

“पाहाचं काय त्यात,” सर म्हणाले. “आधीच ठरवलं होतं.”

जसबीर गाडीबरोबर थोडं चालला, मग थांबला. खिडकी पुढे जात होती. सर गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांचा काळा कोट पुढून सगळा पिठानं पांढरा झाला होता. काकू तो पदरानं झटकत होत्या. सर त्यांना नको नको म्हणत होते.